कोवळ्या खेळाडूंची मोजदाद

ज्याचे नाव वर्तमानपत्रांत क्वचित छापले जाते, ज्याचे अर्धे आयुष्य गावोगावच्या शाळांची मैदाने धुंडाळण्यात जाते, आणि तरीही ज्याच्या एकपानी अहवालावर लाखो डॉलरांचा व्यवहार ठरतो, असा ‘स्काउट’ नावाचा इसम अमेरिकेतील बेसबॉलच्या व्यवसायात गेली शंभर वर्षे वावरत आला आहे. त्याची साधनसामग्री फार मोठी नव्हे. एक स्टॉपवॉच, गेल्या पन्नास वर्षांत तिच्या जोडीला आलेली रडार गन आणि एक नोंदवही, एवढ्यावर तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य वर्तवू पाहतो. आज ही साधने, किंबहुना यांहून कितीतरी सूक्ष्म साधने, सामान्य शिबिरांतही येऊन पोहोचली असून, बारा वर्षांच्या मुलाने टाकलेल्या चेंडूचा वेग किती, तो चेंडू हवेत मिनिटाला किती फेरे घेतो, बॅटीवरून सुटताना तो किती जोराने सुटतो, असे आकडे आईबापांच्या हाती सर्रास पडू लागले आहेत. मात्र त्या आकड्यांचा अर्थ लावण्याची जी दृष्टी स्काउटला वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून आलेली असते, ती आकड्यांबरोबर येत नाही. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि ज्यांची मुले लिटल लीगच्या संघांतून खेळू लागली आहेत अशा मराठी पालकांना, तसेच महाराष्ट्रातील शाळांतून बेसबॉल व सॉफ्टबॉल शिकविणाऱ्या क्रीडाशिक्षकांना, या बाबतीत काही साहाय्य व्हावे या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम मोजपट्टीची ओळख करून घ्यावी. सेंट लुई कार्डिनल्स संघात असताना कनिष्ठ संघांची साखळी उभारून होतकरू खेळाडू घरच्या घरी तयार करण्याचा शिरस्ता ज्याने पाडला, आणि पुढे ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने जॅकी रॉबिन्सनला १९४७ साली मैदानात उतरवून मेजर लीगमधील वर्णबंदी ज्याने मोडली, त्या ब्रँच रिकीच्या नावाशी परंपरेने जोडलेली वीस ते ऐंशी गुणांची एक पट्टी सर्व संघांत प्रचलित आहे. या पट्टीवरील ५० गुण हे त्या शाळेतल्या अथवा त्या गावातल्या मध्यम खेळाडूचे नसून मेजर लीगमधल्या मध्यम खेळाडूचे असतात, ही गोष्ट पालकांनी पक्की ध्यानात ठेवावी. दर दहा गुणांची पायरी संख्याशास्त्रातील एका प्रमाण विचलनाएवढी मानलेली असल्यामुळे ६० गुणांचा खेळाडू त्या अंगापुरता व्यवसायातील सहांपैकी पाचांना मागे टाकतो, आणि ८० हा आकडा लिहिताना मुरलेल्या स्काउटचाही हात थबकतो. यावरून उघड होईल की, शाळकरी मुलाच्या नावापुढे ३० किंवा ३५ गुण पडले तर त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही; आणि कोणा शिबिरचालकाने तेरा वर्षांच्या मुलाच्या दाखल्यावर ६५ लिहून दिले तर त्यात आनंद मानण्यासारखेही काही नाही, कारण तो आकडा बहुधा पुढल्या वर्षीच्या शुल्कावर नजर ठेवून लिहिलेला असतो.

फटक्यातील सातत्य, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेकीचा जोर अशी पाच अंगे फलंदाजाची तपासली जातात. पिचरच्या बाबतीत त्याचा फास्टबॉल, त्याचे इतर प्रकारचे चेंडू आणि त्यांवरील त्याचा ताबा यांची स्वतंत्र तपासणी होते. परंतु या अहवालाचे खरे मर्म असे की, प्रत्येक अंगापुढे दोन रकाने असतात, एक आजच्या कामगिरीचा आणि दुसरा पूर्ण वाढीनंतरच्या अपेक्षेचा. कोकणात मोहोरावर बाग घेणारा व्यापारी ज्याप्रमाणे आज फांदीवर काय दिसते याचा हिशेब करून थांबत नाही, तर झाडाचे वय, जमीन आणि वारा पाहून मे महिन्याचा अदमास बांधतो, त्याप्रमाणे स्काउटचा मोबदला त्याला दुसऱ्या रकान्यासाठी मिळत असतो. पहिला रकाना यंत्राने भरता येतो. दुसरा भरण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. पालकांच्या हाती जे आकडे येतात ते सर्व पहिल्या रकान्यातले असतात, आणि त्यांवरून दुसरा रकाना परस्पर भरून टाकण्याची जी घाई घरोघर होते, तिच्यातून या विषयातील बहुतेक गैरसमज जन्मास येतात.

पाच अंगांपैकी धावण्याचा वेग मोजण्यास सर्वांत सोपा, आणि सोपा म्हणूनच त्यात हलगर्जीपणाही सर्वांत अधिक. शिबिरांतून साठ यार्डांची, म्हणजे सुमारे ५५ मीटरांची, धाव घेण्याचा प्रघात असून व्यावसायिक दर्जाच्या तरुणांत ६.८ सेकंदांच्या आसपासची वेळ मध्यम आणि ६.५ च्या आतील वेळ असामान्य समजतात. प्रत्यक्ष सामन्यात मात्र स्काउट फलंदाजाची होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची नव्वद फुटांची धाव मोजतो. बॅटीला चेंडू लागल्याचा आवाज होताच घड्याळ चालू करावयाचे आणि पाय बेसला लागताच बंद करावयाचे, असा नियम आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यास ४.३ सेकंद व डाव्या हाताने खेळणाऱ्यास, तो बेसच्या एक पाऊल जवळ उभा असल्याकारणाने, ४.२ सेकंद ही ५० गुणांची वेळ होय. आता येथील बारकावा पाहावा. या धावेत एक दशांश सेकंदाचा फरक पडला की पट्टीवर सुमारे दहा गुणांचा फरक पडतो, आणि घड्याळावरच्या सामान्य माणसाच्या अंगठ्याची चूक सहज तेवढीच असते. सबब, एका धावेवरून काहीही ठरवू नये. शक्य तर एकाच व्यक्तीने, त्याच घड्याळाने, तशाच मैदानावर, निदान पाच-सहा धावा टिपून त्यांतील मधली वेळ वहीत लिहावी. आणि हाताने घेतलेली वेळ व विद्युत्-उपकरणाने घेतलेली वेळ यांची एकमेकींशी तुलना कधीही करू नये, कारण मोजणारा धाव सुरू झालेली पाहून मग कळ दाबीत असल्यामुळे हाताची वेळ साधारण दोन दशांश सेकंदाने धावपटूच्या लाभाची निघते.

फेकीचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे, आणि मोहाचाही. १९७४ च्या सुमारास मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटवायलर यांनी मोटारींचा वेग पकडण्याचे पोलिसी रडार पिचरच्या चेंडूकडे वळविले, आणि तेव्हापासून या खेळातील बोलण्याचा सूरच पालटला. ज्या गुणाचे वर्णन पूर्वी विशेषणांनी होई, त्याचे वर्णन दोन अंकांत होऊ लागले. परंतु त्या दोन अंकांमागे अनेक अटी दडलेल्या असतात. हातातून सुटताना चेंडूचा जो वेग असतो, त्यातला आठ ते दहा टक्के वेग होम प्लेटपर्यंतच्या प्रवासात हवेच्या विरोधाने नाहीसा होतो. त्यामुळे एका यंत्राने हाताजवळचा आणि दुसऱ्याने प्लेटजवळचा वेग दाखविला तर एकाच चेंडूच्या दोन हकीकती तयार होतात. रडार हे चेंडूच्या मार्गाच्या सरळ रेषेत, म्हणजे कॅचरच्या मागे किंवा पिचरच्या मागे, धरावे लागते. ते बाजूला वीस अंशांनी सरकले तर ताशी ८० मैलांचा चेंडू यंत्रावर ७५ मैलांचा दिसतो. म्हणून वेग लिहिताना यंत्र कोणते, ते कोठे धरले होते, मुलाची ती कितवी फेक होती आणि हवा कशी होती, हा तपशील शेजारी लिहिलेला नसेल तर तो आकडा टाकाऊ समजावा. याखेरीज सर्वाधिक वेगाचा एकच चेंडू मिरविण्याची जी खोड शिबिरांत आढळते, तिच्यापासून सावध राहावे. पहिल्या इनिंगमध्ये ७८ मैल व पाचव्या इनिंगमध्ये ६९ मैल टाकणाऱ्या मुलाच्या वहीत ७८ एवढेच लिहिले, तर लिहिणाऱ्याने मुलाच्या दमसासाची गोष्ट, म्हणजेच जाणकार स्काउट ज्यासाठी शेवटपर्यंत थांबतो तीच गोष्ट, गाळली असे होईल.

नुसत्या वेगाचे मोल किती, याचा एक दाखला आपल्या देशातच घडून गेला आहे. २००८ साली भारतात चेंडूफेकीच्या वेगाची एक स्पर्धा भरवून, बेसबॉल कधी न खेळलेल्या उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन तरुण भालाफेकपटूंची निवड करण्यात आली, त्यांना अमेरिकेत नेऊन शिकविण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशीही करार केला. अवघ्या काही महिन्यांत त्यांनी जे साधले ते अद्भुतच होते. तरीही दोघांपैकी कोणी मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही, आणि रिंकू सिंग पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. बाहूतील जोर त्यांना दरवाजापर्यंत घेऊन गेला. आतला कारभार ज्या गोष्टींवर चालतो, त्यांपैकी पुष्कळशा लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात.

कॅचरची कसोटी वेगळी. पिचरचा चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये पडल्या क्षणापासून त्याने केलेली फेक दुसऱ्या बेसवरील खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ मोजतात. हे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक आहे, आणि २.० सेकंद ही वेळ मेजर लीगमध्ये मध्यम समजली जाते. पण ही फेक आरामात, धावणारा समोर नसताना घेतली तर तिचा उपयोग अर्धाच. क्षेत्ररक्षणाबद्दल यंत्रे फारसे बोलत नाहीत. मुलाचे पाय चेंडू निघण्यापूर्वी हलतात की निघाल्यानंतर, आणि वाकडा उसळलेला चेंडू त्याचा हात मऊपणे झेलतो की ताठरपणे अडवतो, एवढे दोन प्रश्न मनाशी ठेवून तासभर पाहिले तरी पुष्कळ कळते.

फटका हे या सर्वांतले अवघड प्रकरण. ताशी ९० मैलांचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात येतो, आणि त्यातील बराचसा वेळ तो काय आहे हे ओळखण्यातच जातो. क्रिकेटमुळे आपल्या परिचयाचा झालेला हॉक-आय आता मेजर लीगच्या मैदानांवरही बसविलेला असून, २०१५ साली सुरू झालेल्या स्टॅटकास्ट या पद्धतीपासून बॅटीवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग हा परवलीचा आकडा झाला आहे. ताशी ९५ मैल किंवा अधिक वेगाने सुटलेला चेंडू जोरकस फटक्यात गणतात. हा आकडा मुलांच्या शिबिरांतही मोजतात, परंतु बहुधा स्थिर दांडीवर चेंडू ठेवून. दांडीवरचा चेंडू वळत नाही, खाली पडत नाही, आणि फसवीतही नाही. त्यावरून मुलाच्या अंगातील ताकद कळते, फलंदाजी कळत नाही. शिवाय शाळांतून धातूची बॅट वापरतात व व्यवसायात केवळ लाकडाची, ही तफावत वहीत नमूद केलीच पाहिजे. फलंदाजीची पारख करावयाची असेल तर मुलाचे हुकलेले चेंडू मोजावेत. स्ट्राइक झोनमधून जाणारा सरळ चेंडू तो हुकवितो की बाहेर वळणारा कर्व्हबॉल, दोनदा फसल्यानंतर तिसऱ्या वेळी तोच चेंडू सोडून देण्याइतका शहाणपणा त्याला सुचतो की नाही, बाहेरच्या किती चेंडूंवर त्याने बॅट फिरविली, या नोंदींना यंत्र लागत नाही. पेन्सिल आणि सहनशक्ती एवढेच लागते, आणि दुसरी वस्तू पालकांपाशी पहिलीपेक्षा दुर्मिळ असते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सर्व लिहिले, त्याकडे वळतो. तेरा वर्षांच्या मुलाविषयीचा प्रत्येक आकडा त्याच्या कौशल्याइतकाच, कित्येकदा त्याहूनही अधिक, त्याच्या शरीराच्या वयाबद्दल बोलत असतो. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत तीन-चार वर्षांची तफावत असू शकते. ज्याला मिसरूड फुटली आहे तो ज्याला फुटली नाही त्याच्यापेक्षा जोरात फेकतो, यात नवल काय? अमेरिकेत दीर्घकाळ युवा संघांच्या वयोगटाची मुदत ३१ जुलै ही धरली जात असे, आणि त्या देशात जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंत ऑगस्ट महिन्यात जन्मलेल्यांचा भरणा जुलैतल्यांपेक्षा ठळकपणे अधिक आढळला आहे. जी मुले गटात सर्वांत थोरली होती ती धष्टपुष्ट म्हणून निवडली गेली, निवडली गेली म्हणून अधिक खेळली, आणि अधिक खेळली म्हणून खरोखरच पुढे गेली. धाकट्यांचे हिशेब पहिल्या पानावरच बंद झाले. त्यातच मैदानाचे माप बदलते. लिटल लीगमध्ये बारा वर्षांचा पिचर ४६ फुटांवरून चेंडू टाकतो, तेथून टाकलेला ताशी ७० मैलांचा चेंडू फलंदाजाला मोठ्या मैदानावरील ९२ मैलांच्या चेंडूइतकाच अल्प अवधी देतो, आणि म्हणून तो मुलगा अजिंक्य भासतो. तोच पुढे ६० फूट ६ इंचांवर गेला की त्याचे साम्राज्य एका हंगामात लयास जाते.

यास्तव पालकांनी व शिक्षकांनी एक वही ठेवावी. तिच्यात दर तीन महिन्यांनी मुलाची उंची, वजन आणि बसून मोजलेली उंची लिहावी, शेजारी त्या दिवसाच्या धावेची व फेकीची मापे लिहावीत, जन्मतारीख पहिल्या पानावर ठळक असावी, आणि तुलना शेजाऱ्याच्या मुलाशी न करता मागील पानाशी करावी. वर्षभरात चार इंच उंची वाढलेल्या मुलाची धाव त्या काळात मंदावली किंवा चेंडू भलतीकडे जाऊ लागले, तर त्यास आळशी ठरवू नये. लांबलेल्या हातापायांशी त्याची ओळख अजून व्हावयाची असते. उलट उंची तीच राहून वेग वाढला, तर ती शिकण्याची खूण होय. आईवडिलांची उंची, मुलाच्या खांद्यांची रुंदी, मनगटे व पावले यांवरून वाढीचा अंदाज बांधण्याचा स्काउटांचा परिपाठ आहे खरा, पण तो अंदाजच. त्यावर कोणी शर्त लावू नये.

अंदाज किती फसतात, हे सांगण्यास बेसबॉलचे दफ्तर समर्थ आहे. १९८० साली मेजर लीगच्या वार्षिक निवडीत न्यूयॉर्क मेट्स संघाने पहिल्याच फेरीत निवडलेला बिली बीन हा पाचही अंगांनी परिपूर्ण वाटणारा, पाहताक्षणी स्काउटांना भुरळ घालणारा तरुण होता. मेजर लीगमधील त्याच्या फलंदाजीची सरासरी .२१९ वर थांबली, आणि पुढे ओकलंड संघाचा कारभारी होऊन त्याने दिसण्यावर भाळणाऱ्या या पद्धतीलाच आव्हान दिले. उलटपक्षी माइक पियात्सा १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, तोही वडिलांच्या स्नेह्याच्या शिफारशीवरून, निवडला गेला आणि कॅचर या नात्याने सर्वाधिक होम रनांचा विक्रम करून २०१६ साली हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. व्हेनेझुएलातील होजे आल्तूवेला उंची फार कमी म्हणून ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या चाचणीतून परत पाठविले होते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाला, पंधरा हजार डॉलरांवर करारबद्ध झाला, आणि २०१७ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा कथांवरून मोजमाप व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणारे लोक असतात. तो मला मान्य नाही. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत पहिल्या फेरीतले पहिल्या फेरीसारखेच खेळतात आणि बासष्टाव्या फेरीतले विस्मृतीत जातात. पण पट्टीवर न उमटणारे काहीतरी आल्तूवेच्या दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत होते, आणि स्काउटच्या वहीत त्यासाठीही एक जागा राखलेली असते, जेथे स्वभाव, जिद्द व अपयश पचविण्याची शक्ती यांविषयी दोन ओळी लिहावयाच्या असतात. त्या दोन ओळींसाठी चतुर स्काउट सामन्यापूर्वी तासभर आधी येऊन मुलगा सराव कसा करतो, बाद झाल्यावर बाकावर कसा बसतो, मित्राच्या चुकीवर त्याचा चेहरा कसा होतो हे पाहतो. आणि पालकांना हे ऐकून अवघडल्यासारखे होईल, पण तो प्रेक्षकांत बसलेल्या आईबापांकडेही पाहत असतो.

शिबिरांत व प्रदर्शन-सामन्यांत मुलाला केव्हा न्यावे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सोळाव्या वर्षापूर्वी घाई करण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मेजर लीगची वार्षिक निवड, जी १९६५ पासून चालू आहे, ती शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या किंवा महाविद्यालयीन तरुणांसाठी असते, आणि २०२१ पासून तिच्या फेऱ्या चाळिसावरून वीसवर आल्यामुळे बहुतेकांचा मार्ग महाविद्यालयातूनच जातो. डोमिनिकन प्रजासत्ताकात सोळाव्या वर्षी करार होतात म्हणून तेथील मुलांची मोजदाद बारा-तेराव्या वर्षीच सुरू होते, आणि त्यापायी शाळा सुटलेल्या, वय लपविलेल्या मुलांच्या ज्या कैफियती पुढे आल्या आहेत, त्या पाहता तेथील प्रथेचे अनुकरण करण्याची सक्ती आपणांवर कोणी केलेली नाही.

राहता राहिला बाहू. तो मोजताना झिजतो, ही गोष्ट मोजणारे विसरतात. मेजर लीग व यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली संयुक्तपणे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनुसार नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्याने ९५ यांहून अधिक चेंडू टाकू नयेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक चेंडू टाकले असतील तर त्यास चार दिवसांची विश्रांती द्यावी, आणि वर्षातून किमान चार महिने त्याने पिचिंग करू नये. अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासात, बाहू थकलेला असतानाही नियमितपणे चेंडू टाकणाऱ्या तरुणांवर शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव इतरांच्या छत्तीस पट आढळला होता. सामन्यात टाकलेले, सरावात टाकलेले आणि रडारसमोर हौसेने टाकलेले असे सर्व चेंडू एकाच हिशेबात धरावेत, मुलाने कोपर किंवा खांदा दुखतो म्हटल्यास त्या दिवशीची वही तेथेच मिटावी, आणि ज्या शिबिरात फेकीचा वेग मोजणारे चौघे असून फेकींची संख्या टिपणारा एकही नसतो, तेथे मुलाचे नाव घालू नये.